वैजयंती म्हणजे आमची माधवी

विजयमालाबाई फरीदाबादला आल्या तेव्हा त्यांना हिंदी अजिबात येत नव्हतं. भाजीवाल्यांशी भांडून भांडून दोन महिन्यांत ते आलं. नवरा हिंमतराव जगताप फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, इथल्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघत. घरात हुकूम त्यांचा चालायचा, म्हणजे बाईंनी आधी ठरवून दिलेला.

एकुलती एक मुलगी माधवी. त्र्याण्णव साली ती साताऱ्याच्या घाटग्यांकडे दिली. जावई उदयसिंह मस्कतला नोकरीला. परदेशची नोकरी म्हटल्यावर त्या दिवसांत कोणी फार खोलात जातच नसे. नातू झाला आणि माधवीचे फोन हळूहळू बंद पडले.

मग एका दुपारी तिच्या शेजारच्या केरळी नर्सचा फोन आला. "आंटी, वो रोज बाहर से ताला लगाके जाता है. पासपोर्ट भी छुपाया है. माधवी बच्चे को लेके घर आना चाहती है."

हिंमतरावांनी दिल्लीला जाऊन सरकारी कचेरीत अर्ज दिला: मुलगी माधवी घाटगे आणि नातू यांना सोडवून आणा. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. मस्कतच्या आपल्या वकिलातीनं फोनवर चौकशी केली होती. उदयसिंह घाटगे यांच्या घरी माधवी नावाची कोणी नाही, त्यांच्या पत्नीचं नाव वैजयंती, आणि ती सुखात आहे.

हिंमतरावांनी उत्तराचा कागद टेबलावर आपटला. "दुसरी केली त्यानं. मग माझ्या पोरीचं काय केलं?"

बाईंना मात्र लख्ख आठवलं. लग्नानंतर घाटग्यांच्या घरी, तांदळाच्या ताटात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहिलं होतं. माधवीला ते नको होतं. पाठराखीण म्हणून गेलेल्या सुनंदामावशीनं तसं फोनवर कळवलंही होतं, आणि बाईंनीच सांगितलं होतं, "नावानं काय होतंय? लिहू दे त्यांना." पासपोर्टही त्याच नावानं निघाला. हिंमतरावांनी ते नाव एकदा ऐकलं आणि रागानं कायमचं विसरून टाकलं. माहेरी तिला कोणी त्या नावानं हाकच मारली नाही.

"अहो, वैजयंती म्हणजे आपली माधवीच!" बाई ओरडल्या आणि लगेच त्यांना रडू फुटलं. नावाबद्दल जावयाला साधं खोटंही बोलावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच बसनं दिल्लीला गेल्या. कचेरीतले साहेब सगळं ऐकून म्हणाले, "माताजी, नई अर्जी दे दीजिए, देखते हैं."

"अर्जी दूँगी. पर फोन आप अभी लगाओ, और कहो, इस बार घर जाके देखो. मैं यहीं बैठी हूँ."

आणि खरंच बसल्या. साहेबांचं जेवण झालं, चहा झाला, बाई हलेनात. शेवटी वैतागून साहेबांनी फोन लावला. त्या आठवड्यात वकिलातीचा माणूस पोलिसांना घेऊन उदयसिंहाच्या दारात उभा राहिला, लपवलेला पासपोर्ट परत मिळाला, आणि माधवी मुलाला कडेवर घेऊन बाहेर पडली.

विमानतळावर बाई रडल्या नाहीत. पोर किती वाळली म्हणून सगळ्यांच्या देखत तिकडे मस्कतला राहिलेल्या जावयाला मनसोक्त शिव्या घातल्या.

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी हिंमतराव ड्युटीवर गेले. माधवी आणि बाळ गाढ झोपली होती. माकडं आत शिरतात, म्हणून बाईंनी नेहमीसारखी बाहेरून कडी लावली आणि कोथिंबीर आणायला कोपऱ्यावर गेल्या. परत येतात तो आतून दार धडाधड वाजत होतं. त्यांनी कडी काढली. माधवी बाळाला छातीशी घट्ट धरून उभी होती, घामानं निथळत. आईकडे बघूनही तिला क्षणभर ओळख पटली नाही.

बाईंनी कोथिंबीर तिथंच टाकली आणि दोघांना पोटाशी धरलं.

संध्याकाळी हिंमतराव आले तेव्हा सुतार बाहेरची कडी उखडत होता.

"अगं, माकडं घरात शिरतील!"

"शिरू देत," बाई म्हणाल्या.