दहा मिनिटांचं काम

प्लंबरनं नळ दहा मिनिटांत बसवला, तर तुम्ही त्याचे पैसे कापता का?

आष्ट्यात आमच्या घरी वर्षानुवर्षं एकच प्लंबरकाका येतात. दर विचारला की "द्या समजून" एवढंच म्हणायचे. मोरीतला नळ बदलायला त्यांना तासभर लागायचा. गेल्या उन्हाळ्यात मी शेजारी बसून पाहत होतो. नळ बसला, गळती थांबली, तरी काका उकिडवे बसून पान्हा फिरवतच राहिले.

"काका, झालं की! आता काय करताय?"

"हळू बोल रं, तुझा बा ऐकंल. लवकर उठलो की म्हणत्यात, एवढ्याशा कामाला एवढं व्हय? मग घाम येईस्तवर बसायचं. गुडघं लय दुखत्यात, पण काय करतोस!"

मी हादरलो. श्रमाच्या हक्काची पत्रकं वाचत, वाटत मी वाढलो, आणि आमच्याच मोरीत एक कसबी माणूस काम संपलं नसल्याचं सोंग करत होता. पूर्वी एकदा ते चटकन उठले होते, तेव्हा "दहाच मिनिटं तर लागली" म्हणून पैसे कापणारा मीच होतो.

त्याच दिवशी त्यांच्या कामांची यादी मी लिहून काढली. प्रत्येक कामाचा त्यांनीच सांगितलेला एक दर, वेळ कितीही लागो.

"लोकं हसतील गड्या," म्हणत त्यांनी ती पिशवीत ठेवली.

तुमच्या दारात असा कागद कुणी पुढं केला, तर हसू नका. ठरलेला दर पुरता द्या आणि त्या माणसाला लवकर उठू द्या.