नसरीनचा पंखा थांबला तेव्हा

आज कडावला नसरीनकडे गेले होते. एमएस्सीला आम्ही एकाच बाकावर बसायचो. पुढे ती संशोधनात राहिली, मी पेपरात पत्रकार झाले.

तिने घराच्या पत्र्यावर सोलरची पातळ, वाकणारी पट्टी लावलीय. अशा सेंद्रिय, म्हणजे सिलिकॉनऐवजी कार्बनी रेणूंच्या, पट्ट्या लवकर निकामी होतात, कारण उन्हाने सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेर नेणारा थरच शेजारचा थर हळूहळू खराब करतो. नसरीनने त्या थरासाठी घडवलेला नवा रेणू तसं करत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून पट्टी तिथेच आहे आणि तिच्या विजेवर एक छोटा पंखा फिरतोय.

आम्ही बघत असतानाच दाट ढग आला. पंखा थांबला. खरं सांगते, मला बरं वाटलं.

"पंखा थांबला तर चेहरा खुलला गं तुझा," नसरीन हसली. "थांब, ऊन येऊ दे."

ऊन आलं, पंखा फिरायला लागला. ओट्यावरून तिची अम्मी म्हणाली, "हाय ना माझी पोर हुशार? लिव तू, पण मला कळंल असं लिव."

संध्याकाळी लेख पाठवला. पहिल्याच वाक्यात नसरीनचं नाव आहे, दोनदा खोडून पुन्हा घातलेलं.

ज्याच्यावर जळता, त्याच्याबद्दल चांगलं लिहायची वेळ तुमच्यावर आलीय कधी?