घरत सरांची एकच रेघ

"दोनच आकडे आहेत, सर! बेचाळीसातले दोन!"

"दोन असू देत नाहीतर अर्धा. वहीत उतरलाय ना? मग तक्त्यात जाणार."

"जाऊन करणार काय? बाकीचे चाळीस शहाण्यासारखे जिना उतरतायत आणि हे दोघं मध्येच उलटे चढून गच्चीवर उभे! आलेख बघा ना. उंट झालाय त्याचा."

"मग उंटाचं कुबड कापून त्याला घोडा म्हणून उभा करायचा?"

"सर, शुक्रवारी पाच वाजता अर्ज बंद होतोय. हा उंट बघून पुण्यात मला कोण दारात उभं करणार?"

प्रिस्काने वही आपटली नाही. पण ठेवली ती अशी, की कोपऱ्यात अगरबत्ती लावणाऱ्या ज्युलियसच्या हातातली काडी विझली. ज्युलियस हा त्या प्रयोगशाळेचा अटेंडंट. गेले दोन महिने प्रिस्का रोज एक मासा आणायची आणि ज्युलियस रोज एक अगरबत्ती लावायचा. वसईतल्या त्या कॉलेजचा भौतिकशास्त्र विभाग अर्धा देवघर आणि अर्धा मासळीबाजार झाला होता.

हरेश्वर घरत सरांनी चष्मा कपाळावर चढवला. भांडण रंगात आलं की चष्मा वर जायचा, हे एमएस्सीच्या पोरांना पाठ होतं. सर इथे जीवभौतिकी शिकवतात, सव्वीस वर्षं झाली. "म्हणजे नक्की काय शिकवता?" हा प्रश्न त्यांना लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, दाढी करताना विचारला गेलाय. कामणच्या नाक्यावर पंक्चर काढणाऱ्यानेही विचारलाय, चाक हातात धरून. "जिवंत वस्तूला प्रश्न विचारायचे आणि उत्तर मोजून घ्यायचं," असं सर सांगतात. समोरचा मान हलवतो आणि लगेच विचारतो, "मग पोराला इंजिनिअरिंगला घालू का?"

सरांच्या प्रयोगशाळेत एक धड सूक्ष्मदर्शक आहे, एक कुरकुरणारा फ्रीज आहे आणि एक नियम आहे. वहीत पेन्सिल चालत नाही, खोडरबर तर नाहीच. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला कारण लिहायचं. कारण नसेल तर रेघ नाही. पोरं तिला घरत-रेघ म्हणतात. इथून शिकून गेलेला नेल्सन आता जर्मनीत असतो. तो अजून आपल्या वहीचा फोटो पाठवतो, खाली लिहितो, ‘सर, आज तीन मारल्या.’

"कारण दे, मी स्वतः रेघ मारतो," सर म्हणाले.

"कारण हेच की ते चुकीचे आहेत!"

"ते कशावरून?"

"दिसतंय ना!"

"दिसतंय हे कारण नाही, प्रिस्का. दिसू नये म्हणून तर आपण मासे गुंडाळून मोजले."

ते खरं होतं. प्रिस्का पाचूबंदरची, मासळी विकणाऱ्या फ्लोराबायची लेक. तिने जुन्या कंपासपेटीत एक यंत्र बसवलं होतं. पेटीतून दोन टोचे बाहेर आलेले. ते माशाच्या अंगावर टेकवले की बारीकसा विद्युतप्रवाह जातो. मासा ताजा असेल तर त्याच्या पेशींची आवरणं शाबूत असतात, ती प्रवाहाला अडवून धरतात आणि आकडा चौदाच्या आसपास येतो. मासा शिळा होत गेला की आवरणं फाटत जातात, आकडा उतरतो, सातव्या दिवशी तीनावर. बाजारात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला कल्ले बघता येत नसले तरी ही पेटी टेकवून कळावं, एवढंच तिचं म्हणणं.

सात-सात बांगड्यांच्या सहा खेपा. कॉलेजच्या फ्रीजमध्ये मासे ठेवायला मनाई झाल्यावर त्या फ्लोराबायच्या बर्फाच्या पेटीत राहिल्या. रोज सकाळी फ्लोराबाय त्यातला एक काढायची, केळीच्या पानात गुंडाळायची, टोचे टेकवायला पानाला दोन बोटांची खिडकी पाडायची. सरांचीच अट होती. मोजणाऱ्याला डोळा दिसता कामा नये, कल्ला दिसता कामा नये, नाहीतर हात आपोआप हवा तो आकडा काढतो. वास दाबायला ज्युलियसची अगरबत्ती होतीच.

चौथ्या खेपेच्या सहाव्या आणि सातव्या दिवशी आकडा यायला हवा होता साधारण चार, मग तीन. आला तेरा पूर्णांक सहा, मग तेरा पूर्णांक नऊ. आणि त्या दोन दिवशी टोचे धरणारा हात प्रिस्काचा नव्हताच. सरांचा होता. पडताळणी म्हणून त्यांनी स्वतः मोजलं होतं.

"यंत्र तीनदा उघडून पाहिलंय," प्रिस्का आता हळू बोलत होती. "सगळे सांधे पक्के. तरी वेड लागल्यासारखं त्याच दोन दिवशी... सर, दोन महिन्यांची पुण्याची जागा आहे. तिथे जे यंत्र आहे ना, त्याचा मी फक्त फोटो पाहिलाय. दोन आकड्यांसाठी मी ते घालवू?"

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ज्युलियस खाकरला.

"सर, ते दोन मासे... बुधवारचा आणि गुरुवारचा ना? मागच्या महिन्यातले?"

"हो. का?"

"मोजून झाले की पुड्या मी मागच्या मांजरींना घालतो. तुम्हीच सांगितलंय."

"मग?"

"मग काही नाही." ज्युलियसने अगरबत्तीची राख बशीत झटकली. "ते दोन नाही घातले."

"म्हणजे?"

"पान सोडलं तर कल्ले लालभडक, सर. डोळा असा टपोरा. असला मासा मांजरीपुढे टाकायला हात होईना." त्याने प्रिस्काकडे बघायचं टाळलं. "घरी बायकोने, ॲंजेलाने, रव्यात घोळून तळले. छान होते."

प्रिस्का आणि सर एकमेकांकडे बघत राहिले. मग सरांचा चष्मा कपाळावरून घसरून आपोआप नाकावर आला.

"ज्युलियस," सर म्हणाले, "तू प्रयोगातला नमुना खाल्लास?"

"एक मी, एक ॲंजेलाने."

"आणि पोट?"

"पोटाला काय झालं असतं, सर? ताजा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामणच्या घरी सरांच्या पत्नी शकूताईंनी त्यांच्या हातात डबा दिला आणि शर्टाचा वास घेतला. "आज पन मच्छी? अवो, मास्तर झालात का म्हावरं इकायला लागलात?"

"आज पाचूबंदरला चाललोय. थेट पेटीपाशी."

"बरा. पानी पिऊन निंगा. आनि त्या पोरीला ओरडू नका. काल झोपेत पन ‘कारन दे, कारन दे’ चालला होता तुमचा."

वर्गात ‘पाणी’ म्हणणारे सर घरी ‘पानी’ प्यायले आणि निघाले. गोदामांकडे वळणाऱ्या ट्रकांच्या मागे धूळ खात, मग रस्ता मोकळा झाल्यावर सांडोरच्या केळीच्या बागांवरून येणारा गारवा घेत. वाटेत ते ठरवत होते की काय विचारायचं. विद्यार्थ्याची उलटतपासणी घेता येते. विद्यार्थ्याच्या आईची कशी घ्यायची?

फ्लोराबायने ती अडचण ठेवलीच नाही. चर्चमधली सकाळची मिस्सा आटपून ती नुकतीच आली होती. ओट्यावर बर्फाची पेटी, शेजारी टब. प्रिस्का दाराशी उभी, घरी विषय काढायची तिची हिंमत झालेली नव्हती.

"या सर, बसा. चाय घेनार ना? पोर रातभर तोंड फुगवून हाय, काय झाला ता सांगत नाय."

"फ्लोराबाय, एकच विचारायला आलोय. मागच्या महिन्यात, चौथ्या खेपेचे शेवटचे दोन बांगडे..."

"बदलले," फ्लोराबाय म्हणाली आणि आधण ठेवलं.

"आयो!" प्रिस्का आईवर ओरडली.

"काय आयो? तूच सांगितलास ना, उद्यापासून सर सोता हातात घेनार. मंग सरांच्या हातात मी सहा दिवसांचा बांगडा देऊ? पोटाला मऊ झालेला? फ्लोराच्या घरचा मासा मास्तरांच्या हाताला बुळबुळीत लागला, तर किनाऱ्यावर तोंड कसा दाखवू मी?"

"पण आयो, शिळाच पाहिजे होता! शिळा असणं हेच काम होतं त्याचं!"

"तुझ्या मशिनीला शिळा पाहिजे होता. सरांना नाय." तिने चहात आलं ठेचून टाकलं. "पाहुन्याला शिळा देतात का कुनी?"

सर हसायला लागले. पहिल्यांदा हलकेच, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. फ्लोराबाय गोंधळली, मग थोडी रागावलीही.

"माझा काय चुकला, सर?"

"काही नाही. फ्लोराबाय, मी फसलो. प्रिस्का फसली. दोघांनी पानातला मासा शिळा समजून मोजला. ही कंपासपेटी तेवढी फसली नाही. तिने सांगितलं, ताजा आहे. आम्हीच तिला खोटारडी ठरवत बसलो."

फ्लोराबायने चहा कपांत गाळला.

"म्हंजे," फ्लोराबाय सावकाश म्हणाली, "तुझ्या त्या डबीने मना पकडला?"

प्रिस्काच्या ओठांचा कोपरा हलला. मग तिला पुढचं सुचलं आणि तो कोपरा परत खाली आला.

"सर, आता कारण आहे. मारा रेघ. नमुना बदलला गेला. दोन्ही आकडे बाद, चाळीस उरले, सुंदर आलेख. अहवालात बाकी काही लिहायला नको."

"रेघ मारू. त्या ओळीत ते आकडे नकोतच, बरोबर आहे तुझं. पण बाजूला काय लिहायचं?"

"काहीतरी. नमुन्यात दोष."

"दोष होता?"

"सर, मी लिहू का की माझ्या आईने मासे बदलले? तिथे ती मोठी माणसं वाचणार. हसतील. म्हणतील, कोळ्याच्या घरातली पोर, स्वयंपाकघरात संशोधन करते."

सरांनी कप खाली ठेवला. हे ते सहसा कुणाला सांगत नसत.

"मी तुझ्याएवढा असताना भाताच्या रोपांवर खाऱ्या पाण्याचा प्रयोग केला होता. बापाच्या शेतातली रोपं. सगळी माना टाकत होती, चार तेवढी ताठ उभी. मला वाटलं, माझंच काही चुकलं. वहीत पेन्सिल होती, हातात खोडरबर. पुसून टाकले आकडे. बापाला विचारलंसुद्धा नाही की ती रोपं कुठल्या वाफ्यातली. मार्क उत्तम मिळाले मला." ते थांबले. "ते आकडे काय होते, आज आठवत नाही. तीस वर्षं झाली, नाही आठवत. रेघ मारली असती तर वाचता आले असते."

प्रिस्काने दप्तरातून वही काढली, चौथी खेप उघडली. दोन्ही आकड्यांवर एकेक रेघ मारली, पट्टी न लावता, तरी सरळ. मग बाजूला लिहायला लागली आणि पेन थांबला.

"ही वेगळी ओळ होईल," ती स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली. "यंत्र धरणाऱ्याला माहीत नसताना दिलेले ताजे नमुने, दोन. दोन्ही ओळखले." तिने मान वर केली. "सर, पण दोनच आहेत. दोनाने काय सिद्ध होतं?"

"काहीच नाही," सर म्हणाले. त्यांना एकदम बरं वाटलं. हा प्रश्न तिने विचारावा म्हणून ते दोन महिने वाट बघत होते. "आणि आईचं नाव, तिला विचारल्याशिवाय नाही."

"आयो," प्रिस्काने विचारलं, "लिहू तुझं नाव?"

"काय लिवनार?"

"की मासे तू ठेवलेस. आणि दोन तू बदललेस, आम्हाला न सांगता."

फ्लोराबायने पदराला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"लिव. पन नीट लिव. फ्लोराने शिळा दिला असा नको लिवू. फ्लोराने ताजा दिला असा लिव."

"तसंच आहे ते."

"आनि पुन्यातल्या मान्सांना सांग, डबी हुशार हाय. पन मी कल्ला न बघता, नुसत्या अंगठ्याने सांगते. डबीच्या आधी सांगते."

"आयो, तुला माहीत असतं कुठला कधीचा! तूच ठेवतेस!"

"मंग तुम्ही ठेवा, मी सांगते. नायतर मी ठेवते, तुझी डबी सांगू दे."

हे बोलताना तिने बर्फाची पेटी उघडली होतीच. हात कोपरापर्यंत आत गेला. वरच्या थरातला एक, मग तळातला एक, मग मधलेच दोन, पुन्हा वरचा. असे सहा बांगडे बाहेर आले. ओट्यावरच्या केळीच्या पानात तिने एकेक गुंडाळला, दोन बोटांची खिडकी पाडली आणि सहा पुड्या ताटात मांडल्या. सगळ्या सारख्या. प्रत्येकीला सुतळी बांधली. कुठे एक गाठ, कुठे दोन, कुठे तीन. त्या गाठींचा अर्थ तिच्या डोक्यात होता.

प्रिस्काने कंपासपेटी उघडली. शुक्रवारला दोन दिवस होते, आणि आता तिला ते पुरतील असं वाटत होतं.

"फ्लोराबाय," सरांनी ताटाकडे बघत विचारलं, वयाला न शोभणाऱ्या उत्सुकतेने, "यातला आजचा कुठला, निदान एवढं तरी सांगून जा."

फ्लोराबायने चुंबळ डोक्यावर ठेवली, टब उचलून त्यावर चढवला आणि पायरी उतरून बाजाराच्या वाटेला लागली.