तोंड झाकलेले डबे

भेटवस्तू हातात आली की तुम्ही तिच्यावरचा कागद सोडवता की फाडता? खरं सांगा. नव्वदीच्या दशकात, एका दिवाळीच्या आधी, कागद फाटण्याचा आवाज मी रोह्यात ऐकला. तो अजून कानातून जात नाही.

तिथल्या एका कंपनीच्या गेटच्या आत आमचा टेम्पो उभा होता. पर्सोनेल ऑफिसर, म्हणजे कामगारांची भरती, रजा आणि भांडणं सांभाळणारे साहेब, आम्ही कागदात गुंडाळून आणलेले डबे तपासत होते. पहिला उचलला, दुसरा उचलला. तिसऱ्याला ओरडले, "हे काय? एकासारखा एक नाही!"

"हो ना!" मी अभिमानाने म्हणाले.

त्यांनी सोनेरी महिरपीचा डबा घेतला आणि वरचा कागद एका झटक्यात टरकावला. "असे सगळे सोलून द्या. आत्ताच्या आत्ता."



पेणच्या एका मखराच्या कारखान्यात मी ऑर्डरी आणायचं काम करत होते. गणपती झाले की घोटीव, मार्बल, क्रेप अशा कागदांचे ढीग उरायचे आणि मालक नानाशेठ ते परसात जाळायचे. मखरं करणाऱ्या बायका पुढच्या सीझनपर्यंत घरी. मी पत्रकांच्या घरात वाढलेली. वडील वडखळ नाक्यावर चळवळीची पत्रकं वाटायचे, उरलेल्यांची आमच्या वह्यांना कव्हरं व्हायची. समता, हक्क हे शब्द मी पाढ्यांआधी शिकले. मला ती कागदांची होळी बघवेना. रोह्याच्या या कंपनीत दिवाळीला कामगारांना स्टीलचे डबे कागदाविना उघडेच वाटायचे, रेशन दिल्यासारखे. मी आमच्या उरलेल्या कागदात गुंडाळलेलं एक सॅम्पल दाखवलं आणि ऑर्डर आणली.

नानाशेठ म्हणाले होते, "जमलं तर दर दिवाळीला करू. नाय जमलं तर माझी काडेपेटी हाय."

बायकांनी जीव ओतला. कुठे चुण्यांचा पंखा, कुठे कात्रणांचा मोर. मिठागरावरच्या घरातली सुगंधा तर महिरपीची एकेक पाकळी नखाने वळवायची. आता मखराच्या धंद्यात सॅम्पल म्हणजे फक्त हाताची सफाई दाखवायला, हुबेहूब तसंच करायला नाही. एका आळीत दोन सारखी मखरं गेली तर गिऱ्हाईक ते परत आणून दारात टाकतं. त्यामुळे दोन डबे सारखे करावेत हे आमच्यातल्या कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

"साहेब, फरक फक्त कागदात आहे," मी म्हणाले. "आत डबा तोच."

"बाई, मागे निळी आणि लाल छत्री वाटली, तर इथे काम बंद पडलं होतं. ज्याला सोनेरी मिळेल तो साहेबाचा माणूस ठरेल. सगळ्यांना समान म्हणजे समान!"

माझाच शब्द. त्याच शब्दाने आमचा कागद फाटत होता.

तेवढ्यात शिफ्ट सुटली. माणसं टेम्पोभोवती जमली.

"साहेब, तो मोरवाला मला ठेवा!" जवळच्या निडी गावचा एक कामगार ओरडला.

"का? तू काय जावई लागलास?" मागून दुसरा.

"बघितलंत?" साहेब माझ्याकडे वळले.

माझ्यासोबत टेम्पोतून आलेल्या सुगंधाने फाटलेली महिरप जमिनीवरून उचलली. "फाडायचीच होती तं आमच्याकडनं करून कशाला घेतली?"

ड्रायव्हरशेजारी सुपारी चघळत बसलेले नानाशेठ खाली उतरले. आता काडेपेटी निघणार, असं मला वाटलं.

"साहेब, पेणहून गणपती कसा नेतात?"

"कसा म्हणजे?"

"तोंड झाकून. पाटावर बसेपर्यंत कोण बघत नाय." टेम्पोत डब्यांखाली अंथरलेला रद्दी पेपर त्यांनी ओढला. "ह्यात गुंडाळतो. वरून सगळे सारखे. आतलं ज्याच्या त्याच्या घरी."

"आणि घरी जाऊन भांडले तर?"

"घरी बायको हाय की!"

गेट हसलं. साहेबांनीही मान हलवली.

आम्ही तिथेच बसून आमचं सगळं देखणं काम रद्दीत झाकलं. माझ्या डोळ्यांत पाणी. सुगंधा म्हणाली, "तोंड वाकडं नको करू गो. देवाला चालतं, डब्याला काय झालं?"

दिवाळीनंतर मी निडीला त्या मोरवाल्याकडे मुद्दाम गेले. मोर त्याला मिळाला नव्हता. देव्हाऱ्यावर आमची केशरी महिरप लावलेली होती आणि खालच्या फळीवर तो रद्दी पेपर अंथरलेला. "मोर कुणाला गेला?" त्याने पहिल्यांदा हेच विचारलं.

पुढच्या दिवाळीची ऑर्डर आली, 'वरून रद्दी पेपरसह'. परसातली होळी बंद झाली. समतेवर मी ढीगभर पत्रकं वाचली होती, पण माणसाला आधी दुसऱ्याच्या हातातलं दिसतं, हे एकातही छापलेलं नव्हतं.

तेव्हा एक करा. यंदा कोणी काही गुंडाळून दिलं तर कडेला नख घाला, चिकटवलेली पट्टी हळूच उचला, कागद सपाट करून ठेवा. तेवढ्या वेळात तरी तो फाटण्याचा आवाज होऊ देऊ नका.