डागकाकांचा साबण

लॉन्ड्रीत कसलाही डाग आला तरी डागकाका आधी डागाला हात लावत नसत. कापड उलटं करून आतल्या शिवणीवर औषधाचा एक थेंब टाकायचे, रंग उतरत नाही याची खात्री करायचे आणि मगच मुद्द्यावर यायचे. "घाई केली की डागासोबत कापडही जातं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसऱ्यांच्या साड्या-कोटांना इतकं जपणारा हा माणूस स्वतःच्या तोंडाशी मात्र सात जन्मांचं वैर असल्यासारखा वागायचा.

कारण ते तोंड तेलकट होतं, आणि थोडंथोडकं नव्हे. सासऱ्यांना पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा सासऱ्यांनी काळजीने विचारलं होतं, "पळत आलात की काय?" ते डागकाकांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून गिऱ्हाईक नसलं की लॉन्ड्रीमागच्या घरातल्या मोरीत जायचं, कपड्यांच्या पिवळ्या साबणाने तोंड खसखसून घासायचं आणि वरून स्पिरिटचा बोळा फिरवायचा. कातडी ताणून चरचरली की त्यांना स्वच्छ वाटायचं. जरा वेळाने नाक पुन्हा चमकायचं आणि स्वारी पुन्हा मोरीत.

"अहो, तोंड आहे ते, कॉलर नाही," बायको सांगून थकली. पण ऐकेल तर तो नवरा कसला!

एकुलत्या एका लेकीनेही तीच कातडी घेतली. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं. "माझ्यावर गेलीस गं," असं डागकाका कौतुकानेही म्हणायचे आणि हळहळूनही. ती नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. तिथे कुणीतरी तिला म्हणालं, तुझ्या कपाळात बघून भांग पाडता येईल. हे तिने घरी सांगितलं नाही.

एका दुपारी डागकाका पडदे पोचवून परत आले, तर मागच्या खोलीतून औषधाचा वास येत होता. त्यांनी डोकावून बघितलं आणि ते दारातच थिजले. डाग काढायच्या टेबलावर लेकीने आरसा टेकवून ठेवला होता. शेजारी तेलाच्या डागांच्या औषधाचा कॅन उघडा होता आणि ती कापसाचा बोळा अगदी त्यांच्यासारखाच, कडेकडून आत, गालावर फिरवत होती. गाल लालभडक झाले होते. नाकाशेजारी कातडीचा पापुद्रा सुटला होता.

"अगं, काय करतेस हे!"

"साबणाने जात नाही, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून औषध घेतलं."

डागकाकांनी तिला ओढतच मोरीत नेलं. तिचं डोकं नळाखाली धरताना त्यांच्या तोंडून भलतंच काहीतरी निघालं. "आधी आतून कुठे लावून तरी बघायचंस!"

नळाखालून लेक म्हणाली, "तोंडाला आतून कुठे असतं, बाबा?"

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी गाल तपासले. औषधाने वरची कातडी जाळली होती. भरून येईल, म्हणाल्या, पण पुन्हा असं केलंत तर डाग राहतील. डाग हा शब्द ऐकून डागकाका लेकीच्या गालांकडे बघू लागले. आयुष्यभर त्यांनी डाग काढलेच होते, पाडला कधी नव्हता.

बाईंनी सगळं समजावून दिलं. जखम भरेपर्यंत साधं पाणी आणि मलम, बाकी काही नाही. मग सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश, तोही बोटांनी, न घासता. त्यावर पाण्यासारखं पातळ क्रीम. उन्हात जाताना सनस्क्रीन.

"क्रीम?" डागकाका उडालेच. "तेलकट तोंडाला वरून क्रीम?"

"हो काका. तेल म्हणजे मळ नव्हे, ते कातडीचं स्वतःचं असतं. खरवडलं की कातडी सोलते, जळजळते, आणि तेल यायचं ते येतंच." मग त्या थोडं पुढे वाकल्या. "तुमच्या गालांना काय लावता?"

"काही नाही. आपलं... साबण," डागकाका म्हणाले. लेक त्यांच्याकडे बघत होती.

औषधाचा कॅन कुलपात गेला. लेकीचे गाल हळूहळू भरून आले. डागकाका तिला रोज आठवण करायचे, "घासू नकोस हं," आणि मोरीचं दार लावून स्वतः पिवळा साबण घासायचे. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," बायको बाहेरून म्हणायची.

आणि एका सकाळी लेक मोरीतून बाहेर आली, ती पुन्हा लाल होऊन. हातात त्यांचाच साबण होता.

"तुला कितीदा सांगितलं!" डागकाका कडाडले.

"तुम्ही रोज लावता की."

डागकाकांनी तिच्या हातातला साबण काढून घेतला. एवढी वर्षं पोरगी काय बघत होती, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीचा फेसवॉश घेतला. फेस होईना, चरचर होईना. धुतलंय असं काही वाटेचना. वर ते पातळ क्रीम लावताना तर त्यांच्या अंगावर काटा आला. पण लावलं. मग काउंटरवर येऊन बसले, ते दिवसभर मोरीकडे फिरकले नाहीत. दुपारपर्यंत तोंड लखलखायला लागलं. कोट न्यायला आलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "काका, बरं नाही का? केवढा घाम!" डागकाकांना काउंटरखाली शिरावंसं वाटलं, पण हात मांडीवर दाबून ते बसून राहिले.

संध्याकाळी लेक आली. ट्यूबलाइटखाली बापाचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत चकाकत होतं. ती दारातच थबकली आणि डोळे विस्फारून बघत राहिली. डागकाकांना मान वर करवेना.

"बाबा," ती जवळ येऊन म्हणाली, "तुमचंही असंच आहे?"

"असंच म्हणजे काय? माझ्यावरच गेलीस असं म्हणत नाही का मी?"

"म्हणता. पण मी कधी बघितलंच नव्हतं." तिने बोट पुढे केलं आणि त्यांच्या कपाळाला हलकेच लावून बघितलं. "मला वाटायचं, तुमचं घासून घासून गेलं. माझंच जात नाही."