छत्रीवरची सीतेची वेणी

गेलं वर्षभर मी एका कावळ्याच्या हाताखाली बागकाम केलं. (कावळ्याला हात नसतात, हे मलाही ठाऊक आहे. खाणीवरच्या आमच्या मुकादमाला डोकं नव्हतं, तरी त्याच्या हाताखाली मी अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवला.)

बाग माझी नव्हे. बाग मंगलची, म्हणजे माझ्या बायकोची. आमच्या पार्से गावात लोक अंगणात अबोली लावतात, मिरच्या लावतात, फार तर जास्वंद. मंगलनं आमरी लावल्या. शहरातले लोक त्यांना ऑर्किड म्हणतात. मी बांडगूळ म्हणायचो. बांडगूळ म्हटलं की ती दिवसभर माझ्याशी बोलायची नाही, म्हणून जरा शांतता हवी असली की मी मुद्दाम म्हणायचो. आता घरात हवी तेवढी शांतता आहे.

या झाडांना माती लागत नाही. दुसऱ्या झाडाच्या फांदीला मुळांनी धरून लटकतात. मंगल त्यांना नारळाच्या सोडणात, म्हणजे सोललेल्या सालीत, बसवून अंगणातल्या फणसाला टांगायची. डिचोलीच्या बाजूला खाणीसाठी रान तोडलं की पडलेल्या झाडांवरच्या आमरी मी ट्रकच्या केबिनमधून घरी आणायचो. बाकीचे ड्रायव्हर बायकांना गजरे नेत. मी लाल धुळीनं माखलेली बांडगुळं नेत असे, आणि खोटं कशाला सांगू, गजऱ्यापेक्षा स्वस्त पडत. अशी तेवीस जमली.

तेविसांत तिचा जीव एकीवर. सीतेची वेणी. मये गावी तिच्या माहेरचा आंबा तोडला तेव्हा फांदीसकट उचलून आणलेली. नीट फुलली तर दीड वीत लांब, पांढरा-गुलाबी तुरा खाली लोंबतो, म्हणून वेणी. माहेरी दर वर्षी फुलायची. आमच्याकडे आल्यापासून नुसती पानं. मंगल दर वर्षी म्हणायची, "यंदा येतली." आणि म्हणायची, "अवो, फणसाची ती एक फांदी तोडा. तिका ऊन मेळणा नाय."

मी म्हणायचो, "फणस गरे देता. तुझा बांडगूळ काय देता?"

फांदी राहिली. फूल आलं नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मंगलच गेली.

दहाव्या दिवशी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या माडावर बसला होता. भाताकडे बघत होता, आमच्याकडे बघत होता, पण खाली येत नव्हता. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असंच होतं म्हणतात. मग एकेकानं पुढं होऊन वचन द्यायचं.

माझा मुलगा प्रदीप म्हणाला, "आई, बाबांका आमी सांभाळतलंव." कावळ्यानं तोंड फिरवलं.

सून सुजाता म्हणाली, "आई, तुमची तांब्याची भांडी मी कोणाक देवची नाय." कावळा चोच पुसत राहिला.

भटजींना दुसऱ्या गावी जायचं होतं. ते कावळ्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत होते. शेवटी मंगलचा भाऊ दत्ताराम माझ्या कानाशी आला.

"भावोजी, तुमी बोला. तिचो जीव खंय अडाकलो, तो तुमकाच खबर."

मला कुठली खबर? चाळीस वर्षं ती बोलत होती आणि मी जेवत होतो. पण तोंडातून निघून गेलं, "तुझी वेणी फुलवतलंय गो. वर्षश्राद्धाच्या आदी."

कावळा असा खाली आला की भटजी दचकून मागच्या मागे बसले. माझ्या शब्दावर मंगल इतक्या लगेच आयुष्यात कधी उठली नव्हती.

झालं. साठ माणसांसमोर जबान दिली.

मला झाडांतलं काही कळत नाही. ट्रकमधलं कळतं. गाडी तापली की रेडिएटरमध्ये पाणी घालायचं. म्हणून मी आमरींना सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी घातलं. पंधरा दिवसांत तीन कुजल्या. मग शेजारीण म्हणाली, "मासळीचा धुवण घाला, बरां खत." मी बांगड्यांचं धुवण घातलं. दुसऱ्या दिवशी फणसावर सात मांजरं. त्यांतली चार आमच्या वाड्यावरची नव्हेत, वास काढत पार किनाऱ्यावरच्या हरमलहून आली असावीत. त्या धुमाळीत आणखी दोन आमरी गेल्या.

आणि तेवढ्यात तो कावळा आला. तोच, माडावरचा. (सगळे कावळे सारखेच दिसतात, असं म्हणणाऱ्यानं खाणीवरचे ट्रक बघावेत. तेही सारखेच दिसतात. आपला कुठला ते ड्रायव्हरला कळतं.) फणसावर बसला, मान वाकडी करून एक सोडण बघितलं, त्यातला कुजका काथ्या उपटला आणि फेकून दिला. मग दुसरं बघितलं. त्यातलाही फेकला. मंगल सकाळचा चहा घ्यायच्या आधी अशीच मान वाकडी करून एकेक सोडण तपासायची आणि चिडून काहीतरी उपटून फेकायची.

मी खालून विचारलं, "काय गो?"

"काव."

"पाणी जास्त झाला?"

"काव."

मी पाणी कमी केलं. आठवड्यात उरलेल्या आमरी तरारल्या. आता सांगा, माणसानं काय समजायचं?

तेव्हापासून मी कामाला लागलो. कावळा जे सोडण उचकटी ते मी हलवी. तो जिथं बसे तिथं नेऊन टांगी. आमरी विहिरीच्या रहाटावर गेली, कपड्यांच्या दोरीवर गेली, एक प्रदीपच्या स्कूटरच्या आरशावर गेली. (प्रदीप ती तशीच घेऊन पेडण्याला कामावर गेला आणि संध्याकाळी तशीच घेऊन परत आला. दिवसभर कुणीच काही म्हणालं नाही. माझ्या पोराकडे लोक किती लक्ष देतात, ते मला त्या दिवशी कळलं.)

एका सकाळी सुजातानं मला पकडलं.

"बाबा, कोणाबरोबर बोलतात?"

"तुझ्या सासूबरोबर."

ती आत गेली. संध्याकाळी प्रदीप माझ्या शेजारी येऊन बसला. आवाज मऊ. मला तेव्हाच संशय आला.

"बाबा, आज वार खयचो, सांगा बघू."

"सोमार. म्हणान तुझ्या बायलेन मासळी केली नाय. आणखी काय इचारतस? गावाचा नाव सांगू?"

प्रदीप उठून गेला. पण सुजाता त्याच्यापेक्षा हुशार. दोन दिवसांनी मी ओट्यावर बसलो असताना ती अंगणात आली आणि फणसाकडे तोंड करून म्हणाली, "आई, बाबा प्रेशरची गोळी घेणत नाय. उशाखाली लपवतत."

"काव."

सुजाता माझ्याकडे वळली. "आयकलात?"

मी गोळी घेतली. एका बाईशी वाद घालता येतो. दोघी एकत्र झाल्यावर येत नाही.

शिगमो, म्हणजे आमची होळी, झाला आणि कावळ्याचा कामाचा जोर वाढला. आता तो काथ्या नुसता फेकत नव्हता, चोचीत धरून नेत होता. सोडणं मोकळी पडायला लागली. आमरी पटापट खाली पडू लागल्या. मी त्या उचलून जिथं जमेल तिथं बांधायचो, काही जगल्या, काही नाही.

"बाबा, तो कावळो बागेची वाट लावता," प्रदीप म्हणाला.

"निवडता ती," मी म्हटलं. "तांदूळ निवडताना खडे काढी तशी."

मग तो कावळा टीव्हीच्या छत्रीवर जाऊन बसला. ही आमची छत्री, म्हणजे डिश, बाथरूमच्या स्लॅबवर, फणसाला लागून. दोन दिवस तिथंच बसला आणि दोन्ही दिवस माझ्याकडे पाठ. मंगल माझ्याकडे पाठ करून बसली की तिला काहीतरी हवं असायचं आणि ते मी ओळखायचं असायचं. बहुतेक वेळा मी चुकायचो. या वेळी नाही चुकायचं असं ठरवलं. वेणी काखोटीला मारली, शिडी लावली, बहात्तराव्या वर्षी स्लॅबवर चढलो आणि छत्रीच्या ऐन मध्यावर तांब्याच्या तारेनं वेणी अशी करकचून बांधली की भूकंप झाला तरी हलू नये.

टीव्ही बंद पडला. दिवस क्रिकेटचे होते.

प्रदीप तडक बाहेर आला. वर बघून म्हणाला, "बाबा, खाली उतरा."

"मी उतारतंय. वेणी उतरूची नाय."

"आणि आमी मॅच खंय बघायची?"

"शेजाऱ्याकडे जा. त्यांनी कावळ्याक जबान दिलेली नाय."

घरात दोन तट पडले. सुजाताची मालिका बुडत होती, तरी ती माझ्या बाजूनं. "आईंक दिलेलो शब्द," म्हणाली. (गोळ्यांची सोय तिला सोडायची नव्हती.) प्रदीपनं शेवटी मामाला फोन लावला. दत्ताराम मयेहून मोटरसायकलनं आला. शहाणा माणूस. गावात कुणाचं भांडण झालं की त्याला बोलावतात.

"भावोजी," तो म्हणाला, "दुःखान असा होता. पण कावळो तो कावळो. मी वर जातंय आणि ता झाड काढतंय. तुमी डोळे मिटा."

मी डोळे मिटले नाहीत, म्हणून पुढचं बघायला मिळालं. दत्ताराम शिडीच्या पाचव्या पायरीवर असताना फणसातून कावळा सुटला आणि त्यानं दत्तारामाच्या टकलावर खणकन एक टोच हाणली. दत्ताराम पाच पायऱ्या एका पायरीत उतरला. जमिनीवर बसून बराच वेळ डोकं चोळत राहिला.

"लागला काय रे?" मी विचारलं.

"तीच," दत्ताराम म्हणाला.

"कोण?"

"आक्का. ल्हान असताना मी अभ्यास केलंय नाय तर अशीच टपली मारी. हंयच. ह्याच जाग्यार." मग त्यानं उभं राहून वर हात जोडले. "आक्का, चुकलंय. ऱ्हांव दे ती वेणी थंयच."

टीव्हीचा विषय संपला. दीड महिना आमच्या घरात संध्याकाळी माणसं एकमेकांशी बोलली. फार जड गेलं सगळ्यांना.

वर्षश्राद्धाला पंधरा दिवस राहिले तेव्हा वेणीच्या पानांतून एक हिरवी शेपटी बाहेर आली. मग तिच्यावर दाणे धरले. मग दाणे गुलाबी झाले. मॅचसाठी भांडणारा प्रदीप रोज कामावरून आला की आधी वर बघायचा. श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी वेणी फुलली. पुरती दीड वीत. प्रदीपनं स्वतः शिडी धरली आणि मी वर गेलो. वर्षभराची ओळख, कावळ्यानं मला टोचलं नाही.

छत्रीवर ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वरून फणसाची ती फांदी अगदी जवळ दिसत होती. फार जाड नव्हती. कोयत्याचे चार घाव.

मी खाली आलो आणि सुजाताकडे चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध. कावळ्यासाठी पान वाढून गडग्यावर, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणावर, ठेवलं. भात, डाळ, खीर, वर दोन वडे. आणि कावळा येईना. जबान पाळली होती, फूल डोळ्यांसमोर लोंबत होतं, तरी येईना. भटजींनी घड्याळ बघितलं. तेच भटजी, तेच घड्याळ.

"आता काय राहिला?" दत्ताराम टकलावर हात ठेवून म्हणाला.

"वेणी पानाकडे व्हयी असतली," सुजाता म्हणाली. "हंय दाखवूक नको तिका?"

मग प्रदीप वेणी खाली आणायला निघाला. मामाचा अनुभव होता, म्हणून स्कूटरचं हेल्मेट घालून चढला. स्लॅबवर पाय ठेवतो तोच कावळा आला. टण. पुन्हा आला. टण. प्रदीपनं तोल सावरायला फणसाची फांदी धरली आणि तो एकदम थांबला. फांद्यांत बघत राहिला.

"बाबा," त्यानं वरून हाक मारली.

"काय रे?"

"आई बाळंतीण झाली."

भटजींच्या हातातली पळी पडली.

फणसात घरटं होतं. आमच्याच सोडणांच्या काथ्याचं. उन्हाळाभर जी 'निवड' चालली होती ती सगळी तिथं नीट रचून ठेवलेली. त्यात मंगलच्या दोन आमरींची वाळकी मुळं, माझ्या तांब्याच्या तारेचा तुकडा आणि माझ्या गोळ्यांचा रिकामा चंदेरी कागद. मधोमध एक पोर, तोंड एवढं उघडून बसलेलं.

आम्ही वर बघतोय तेवढ्यात कावळा सरळ गडग्यावर उतरला, पानावरचा वडा उचलला आणि घरट्याकडे गेला. शिवला! सगळ्यांनी हात जोडले. भटजी म्हणाले, "झालं, तृप्ती झाली," आणि पिशवी भरायला लागले.

दत्ताराम मात्र हेल्मेट मागून घेऊन वर गेला, घरट्यात बघितलं आणि तोंड पाडून खाली आला.

"भावोजी, ता पोर कावळ्याचा न्हय. अंगार ठिपके आसत. कोकिळेचा. ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालून जाता, आणि ह्यो खुळो आपला समजून पोसता."

म्हणजे बघा. ज्याच्या सल्ल्यानं मी वर्षभर बाग केली, त्याला आपल्या घरट्यातलं पोर कुणाचं ते कळत नव्हतं. दुसऱ्याचा जीव आपलं माणूस समजून तो मन लावून घास भरवत होता. मी पोट धरून हसायला लागलो. हसता हसता दिसलं की बाकीचे कावळ्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

वेणीचा तुरा तेवढा मी वर जाऊन काढला आणि मंगलच्या फोटोला घातला. ते पोर उडून गेल्यावर फणसाची ती फांदी मी तोडली आणि वेणी खाली आणून उन्हात बांधली. तेविसांतल्या नऊ आमरी उरल्यात. टीव्ही चालू झालाय, घरात पुन्हा कुणी कुणाशी बोलत नाही. गोळी मात्र मी घेतो.

तो कावळा म्हणजे मंगल नव्हे, हे आता मला पुरतं पटलंय. मंगल असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, "अवो, बघत काय बसल्यात? कावळो माझी झाडां उपटता. तेका हाकलवा आदी."