चिंचोटीची कॅन बस

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. एखादं मशीन बिघडतं, चार माणसं त्याच्याभोवती डोकं खाजवत उभी राहतात आणि ते आपोआप साठत जातात. मोबाइल नुकते खिशात आले होते, त्या वर्षांत वसई पूर्वेच्या आमच्या गाळ्यात असे पुष्कळ साठले.

आम्ही मसाल्याच्या पुड्या भरणारी मशीन बनवायचो. आतले चार कंट्रोलर दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलायचे. त्या जोडणीला म्हणतात कॅन बस. डिझाइन वैशालीचं, वायरिंग फ्रान्सिसकाकांचं, सोल्डरिंग माझं.

पहिलं मशीन चिंचोटीच्या एका मसाला कारखान्यात गेलं. दुपारी वैशालीचा तिथून फोन. "काका, बस बंद पडलीय!"

"मग रिक्षा कर, पोरी!" म्हणून काकांनी फोन ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी कळलं, दोन्ही टोकांना त्या दोन तारा एकमेकींना जोडणारे रेझिस्टर गायब. ते नसले की सिग्नल टोकावर आपटून मागे फिरतो आणि कंट्रोलर गोंधळतात.

"काका, इथले रेझिस्टर कुठायत?"

"दोन तारा कुणीतरी एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या. शॉर्ट होता. मीच काढला!"

वर शाबासकीची वाट बघत उभे.

*

रेझिस्टर बसवले, तरी एरर थांबेनात. वैशालीने स्कोप लावला, म्हणजे तारेतला सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र. पडद्यावर सिग्नल ताठ उभा चढायला हवा, तो घसरगुंडीसारखा तिरका! सिग्नल किती झपकन चढावा हे ठरवणारा रेझिस्टर दहापट मोठा लागला होता. रेझिस्टरची किंमत त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचतात; इथे नारिंगी पट्ट्याऐवजी पिवळा.

आमच्या गाळ्याचे मालक, साहेब, वैशालीवर भडकले. "मशीन परत आलं तर तू घरी!"

पण पट्टा मी वाचला होता. मी पुढे होऊन बोललो, "सर, तो मी लावला."

साहेब माझ्याकडे वळले. "डोळे तपासून घे."

तपासले. नंबर निघाला!

*

योग्य रेझिस्टर लागला, मशीन चाललं. पण वैशालीने स्कोपची वायर काढली की दहा मिनिटांत बंद. जोडली की सुरू! तीनदा करून पाहिलं, तेच. शेवटी स्कोप जोडलेलाच ठेवून ती परतली.

आठवड्याने उपाय घेऊन आम्ही दोघं चिंचोटीला गेलो. दसरा होता. मशीनवर एक फूलसुद्धा नव्हतं. स्कोपला मात्र झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढ्यात नारळ.

"काकू, पूजा मशीनची करायची ना?" वैशालीने विचारलं.

कारखान्याच्या मालकीणबाई उदबत्ती ओवाळता ओवाळता म्हणाल्या, "चालवतं कोण?"